एकशे वीस-ऐंशीचं गाव

दोनशे चौदा बायकांचा रक्तदाब अगदी एकसारखा कसा असू शकतो, हे कोडं कस्तुरीला काही केल्या सुटेना.

शाळेने सातवीच्या मुलांना गावाच्या नोंदींवरून आलेख काढायला सांगितले होते. कस्तुरीने मोरखिंडच्या मुलांची उंची घेतली, तेव्हा आलेख मधे फुगलेला आणि दोन्ही कडांना उतरता आला. शेळ्यांची वजनं घेतली, तरी तसंच. मग तिने २०४१पासूनच्या अठरा वर्षांतल्या गरोदर बायकांचा रक्तदाब घेतला, आणि कागदावर एकच सरळ काठी उभी राहिली. प्रत्येकीचा, प्रत्येक महिन्यात, १२०/८०.

"शेळ्यासुद्धा एकमेकींसारख्या नसतात," ती आजोबांना म्हणाली.

नानाआजोबा मापनशास्त्रज्ञ (मोजण्याची साधनं खरं सांगतात की नाही हे तपासणारे) होते. खोटे तराजू पकडण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी चष्मा चढवला आणि आलेख निरखून पाहिला.

"हृदय आवळतं तेव्हा रक्त वाहिन्यांच्या भिंतींना जोरात रेटा देतं. तो वरचा आकडा. हृदय सैल होतं तेव्हा जो रेटा उरतो, तो खालचा. टेकडी चढलीस की वाढतो, झोपलीस की उतरतो. तुझा आणि माझासुद्धा जुळायचा नाही."

"म्हणजे यांचा कुणी मोजलाच नाही."

"मी तसं म्हटलं नाही."

"पण अर्थ तोच ना?"

"तोच," आजोबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

कस्तुरीची आई, म्हणजे आजोबांची लेक, कस्तुरी जन्मली त्याच दिवशी गेली होती. सगळं छान चाललं होतं, मग नशीब आडवं आलं, असं कस्तुरीला लहानपणापासून सांगण्यात आलं होतं. आता मामा-मामीच तिचे आईबाप होते, आणि अबोलीमामीला आठवा महिना लागला होता.

त्याच दुपारी मामीला तपासायला जिवती आली. जिवती म्हणजे आरोग्य खात्याचा यंत्रमानव. चार चाकं, दोन मऊ हात आणि प्रेमळ आवाज. डोंगरातल्या बावीस गावांना मिळून ती एकटीच, तीही यंदाच आलेली.

"दोन दिवस डोकं ठणकतंय गं," मामीने तिला सांगितलं. "डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आणि या बांगड्या बघ, हातात रुतल्यात. ह्यांना म्हटलं, कासाराला बोलवा. तर म्हणतात, काढायला की नवा चुडा भरायला?"

जिवतीने मामीच्या दंडाला पट्टा गुंडाळला. पट्टा फुगला, सैल झाला. "रक्तदाब १२०/८०. माता सामान्य. अभिनंदन."

कस्तुरीने चमकून आजोबांकडे पाहिलं. आजोबा आत गेले आणि पाऱ्याचं जुनं रक्तदाबमापक घेऊन आले. "पाच मिनिटं गप्प बस, अबोली. पाय जमिनीवर टेक."

"गप्प बसायचं? माझा रक्तदाब त्यानेच वाढायचा," मामी म्हणाली, पण बसली.

आजोबांनी पट्टा फुगवून हळूहळू हवा सोडली. नळी कानाला लावल्यावर जिथे पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, जिथे ठोके ऐकू यायचे थांबले तो खालचा. १६४/११०. थोड्या वेळाने पुन्हा मोजला. तेवढाच.

"जिवती, तू नेमका किती मोजलास?" आजोबांनी विचारलं.

"१६२/११०."

"मग सांगितलास दुसराच?"

"हा आकडा या गावाच्या अठरा वर्षांच्या नोंदींत कधीच आलेला नाही. पट्ट्याचा दोष समजून मी दुरुस्ती केली."

"ऐकलंस?" आजोबा कस्तुरीला म्हणाले. "यंत्र उदाहरणं पाहून शिकतं. त्याला हजार पांढरे कावळे दाखव. मग खरा काळा कावळा समोर आला, तर ते म्हणेल, माझ्याच डोळ्यात काहीतरी गेलंय."

"पण मामीला काय झालंय?"

"बाळाला वार (आईच्या रक्तातून बाळाला अन्न आणि प्राणवायू पोचवणारा अवयव) पोसते. कधी कधी वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या नीट रुंदावत नाहीत. मग वारेतून असे पदार्थ आईच्या रक्तात उतरतात की तिच्या साऱ्या रक्तवाहिन्या आवळतात. दाब चढतो, अंगावर सूज येते, डोकं दुखतं. वेळेवर औषध मिळालं नाही तर झटके येतात. मिळालं, तर बहुतेक वेळा आई आणि बाळ दोघंही वाचतात. जिवती, वाहन बोलाव."

"सामान्य मातेसाठी वाहन मागवता येत नाही."

जिल्ह्याच्या दवाखान्याचं उडतं वाहन जिवतीच्या संदेशाशिवाय निघत नसे. रस्त्याने पाच तास लागत. मामीची थट्टा थांबली होती. तिने कपाळ दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

"त्या नोंदी खोट्या आहेत," कस्तुरी म्हणाली.

"ज्यांची सही आहे, त्यांनाच नोंदी मागे घेता येतात. आरोग्यसेविका कुंदा भालके. निवृत्त."

कुंदा सिस्टर शाळेमागे राहत. कस्तुरी पळत गेली तेव्हा त्या अंगणात कुरडया घालत होत्या.

"सिस्टर, तुम्ही बायकांचा रक्तदाब मोजतच नव्हता."

सिस्टरचा हात थांबला. "कोण म्हणतं?"

"तुमच्याच नोंदी."

"बावीस गावांत एक पट्टा होता, पोरी. मी आले तेव्हाच त्याचा फुगा फाटलेला होता. सहा पत्रं लिहिली. नवा पट्टा काही आला नाही. रकाना रिकामा का, याचा खुलासा द्या, असं मात्र आलं. रिकामा चालत नव्हता. खोटा चालत होता."

"रिकामा असता तर कुणाच्या तरी डोळ्यांत खुपला असता," कस्तुरी म्हणाली. "मामीला एकशे चौसष्ट आहे आणि तुम्ही सांगितल्याशिवाय जिवती मानत नाही."

"माझी चौकशी लागेल."

"लागू दे."

सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं. मग पिठाचा हात पदराला पुसला आणि चपला घातल्या.

घरी जिवतीने त्यांना एकेक वर्ष विचारायला सुरुवात केली. "वर्ष २०४१. अकरा माता. मोजला होता?"

"नाही."

"वर्ष २०४२. तेरा माता. मोजला होता?"

"नाही."

"वर्ष २०४७. चौदा माता. एक मृत्यू. मोजला होता?"

तो मृत्यू कुणाचा, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. "नाही," सिस्टर कशाबशा म्हणाल्या.

कस्तुरी रडली नाही. बारा वर्षं तिला नशीब म्हणून जे सांगितलं, ते नशीब नव्हतंच. रबराचा एक फाटका फुगा होता, आणि सहा पत्रं होती, जी कुणी वाचली नाहीत. आईचंही डोकं असंच ठणकलं असेल, आणि कागद म्हणत असेल, सगळं ठीक.

अठरावं "नाही" आलं. जिवतीने निकाल सांगितला.

"एकही खरी मोजणी नाही. या गावाचं सामान्य काय, मला माहीत नाही. आताची मोजणी १६२/११० ग्राह्य. वाहन बोलावते."

पंचवीस मिनिटांत वाहन उतरलं. दवाखान्यात मामीला झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, दाब उतरवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ जन्मलं. मुलगी. वजन एक किलो नऊशे ग्रॅम.

कुंदा सिस्टरची चौकशी लागली. त्यांनी सगळं सांगितलं आणि सहाही पत्रांच्या प्रती पुढे ठेवल्या. आता पत्रं न वाचणाऱ्यांचीही चौकशी होणार होती. खात्याने सगळ्या जिवतींना नवा नियम शिकवला : जे मोजलं नाही, तिथे 'मोजलं नाही' असंच लिहायचं. कस्तुरी सिस्टरशी अजून बोललेली नव्हती.

चौथ्या दिवशी ती आजोबांबरोबर दवाखान्यात गेली. मामीने बाळाला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घेतलं होतं. कमी वजनाच्या बाळाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. आईच्या अंगाची ऊब त्याला जगवते.

"बघ, तुझी बहीण," मामी म्हणाली. "अजून भांडत नाही, तोवर लाड करून घे."

एक तरुण परिचारिका तक्ता भरायला आली. नाडी मोजली, लिहिली. श्वास मोजले, लिहिले. तापमानाच्या रकान्यापाशी तिने खिसे चाचपले. कस्तुरी तिच्या पेनाकडे बघत राहिली.

"तापमापक शेजारच्या खोलीत राहिला वाटतं," परिचारिका म्हणाली आणि रकाना तसाच ठेवून गेली.

पाच मिनिटांनी ती परत आली. तिने तापमापक बाळाच्या काखेत धरला. "छत्तीस पूर्णांक एक. थोडी गार पडलीय. डोकं उघडं ठेवू नका. ती टोपी दे गं इकडे."

कस्तुरीने टोपी स्वतःच बाळाच्या डोक्यावर चढवली, कानांवरून नीट खाली ओढली आणि विचारलं, "पुन्हा कधी मोजायचं?"