मैनेच्या पाठीवरचं वजन

मैना धडपडत उठली, तेव्हा खोगीर तिच्या पाठीवर जिथल्या तिथं होतं. तिचा स्वार इस्माईल मात्र उठला नाही.

हिंगोलीच्या जुन्या छावणीच्या मैदानावर जमलेली गर्दी वळणाकडे लोटली. शेवटच्या वळणावर घोडी एकाएकी दुमडली होती आणि पोरगा तिच्या अंगाखाली सापडला होता. दत्तोपंत वकील धावत पोचले, तोवर सगळं संपलं होतं. त्याची आई अमीरबी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली.

"वकीलसाहेब, तुमच्या वजनानं मारलं माझ्या लेकराला."

दसऱ्यानंतरच्या या शर्यतीत कोणत्या घोड्यावर किती भार ठेवायचा, हे दरवर्षी तेच ठरवत. जिंकणाऱ्यावर जास्त, मागे पडणाऱ्यावर कमी, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. मैना मागल्या साली जिंकली होती. म्हणून यंदा तिच्या खोगिराच्या खिशांत सर्वांत जास्त शिसं त्यांनीच घालायला लावलं होतं.

रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. सकाळी कळलं, की पोलिसांचे अमीन गुलाम नबी यांनी मैनेची निगा राखणारा मोतद्दार सटवाजी याला धरलंय. दत्तोपंत तडक चौकीत गेले.

"तंग ढिला बांधलास काहून?" अमीन विचारत होते. तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा.

"ढिला न्हाई, साब. नेहमीच्या भोकावर येतच नव्हता. लई ओढला. शेवटी अलीकडच्या भोकावर लावला."

"एका दिवसात पट्टा आखूड झाला व्हय रे?"

"मला न्हाई ठावं, साब."

"कोणाच्या सांगण्यावरून केलंस? सरळ सांग, न्हाईतर दुसऱ्या तऱ्हेनं विचारीन."

दत्तोपंत पुढे झाले.

"अमीनसाब, खोगीर घसरलं असतं तर घोडी उठल्यावर ते पोटाखाली लोंबलं असतं. ते जागेवर होतं. मी बघितलंय."

"मग पोरगं पडलं कसं?"

"तेच शोधायचंय. मला थोडा वेळ द्या."

"दुपारच्या नमाजापर्यंत देतो," अमीन म्हणाले.

मैना मैदानाकडेच्या छपरात बांधलेली होती. घोडीचे मालक, वसमतचे हळदीचे व्यापारी राधाकृष्णशेठ, बाजूला डोकं धरून बसले होते. दत्तोपंतांनी आधी शिसं तोललं. वजन बरोबर भरलं, कोणी रतीभरही वाढवलेलं नव्हतं. मग ते घोडीकडे वळले, तशी ती दात काढून अंगावर आली.

"जवळ नका जाऊ," शेठ म्हणाले. "तिघांशिवाय कोणाला हात लावू देत न्हाई. इस्माईल, सटवाजी आणि अमीरबी. शिरड शहापूरला अमीरबीनंच तिला शिंगरू असल्यापासून वाढवलं."

मैना मान वळवून आपल्याच कुशीकडे बघत होती, मधूनच पाय आपटत होती. खुंटीला तिचा चाऱ्याचा तोबरा टांगलेला होता. दत्तोपंतांनी तळाशी हात घातला. भरड्याबरोबर बोटांना पांढरे खडे लागले. जिभेवर ठेवून बघितलं. मीठ होतं.

"शर्यतीच्या सकाळी पाणी देता?"

"छे! सटवाजी बादलीसुद्धा पालथी घालून ठेवतो. पडल्यापासून तर तिला कोणी पाणी दाखवलंच न्हाई."

बादली उताणी होती. तळाला अजून ओल होती.

"शेठ, इस्माईल जिंकला असता तर?"

"हैदराबादला नेणार होतो, मोठ्या शर्यतीला. पोरगं आठ दिवस नाचत होतं." शेठांनी उपरण्यानं डोळे पुसले. "त्याचा बाप तिथंच घोड्यावरून पडून गेला. पण याला भीती म्हणून ठाऊक नव्हती."

दत्तोपंत कितीतरी वेळ त्या बादलीपाशी उभे राहिले. आपल्या वजनानं पोरगा गेला नाही, हे त्यांना कळलं होतं. पण सुटका वाटेना. आता बोललं तर एका आईचं काळीज फाटणार होतं. गप्प बसलं तर एक निरपराध माणूस चौकीत मार खाणार होता.

दुपारी मैदानाकडेच्या बिऱ्हाडात अमीरबी भिंतीला टेकून बसली होती. अमीन आणि राधाकृष्णशेठ दाराशी थांबले. दत्तोपंत तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"अमीरबी, मागल्या साली मैनेनं यंदापेक्षा थोडासाच कमी भार नेला आणि सुरुवातीपासून पुढे राहिली. काल पहिल्याच पावलापासून ती जड होती. तेवढ्याशा शिशानं एवढा फरक पडत न्हाई. तिच्यावर आणखी वजन होतं, पण ते खोगिरात नव्हतं. पोटात होतं."

अमीरबीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"पोट फुगलं म्हणून तंग नेहमीच्या भोकावर येईना. कोणीतरी तोबऱ्यात मीठ घातलं आणि तहानेल्या घोडीला बादल्याच्या बादल्या पाणी पाजलं. तशीच पळवल्यावर वळणावर पोटात कळ आली आणि ती दुमडली. परक्याला ती जवळ येऊ देत न्हाई. इस्माईल आणि सटवाजी सकाळपासून खोगीर चढवायला जाईपर्यंत वजनाच्या काट्यापाशी माझ्यासमोर होते. मग उरलं कोण?"

बाहेर कोणीतरी खोकलं. अमीरबीनं पदर तोंडात कोंबला. मग हळूच काढला.

"हरावं, एवढंच वाटलं होतं," ती म्हणाली. "एक शर्यत हरला असता, तर शेठनी हैदराबादला नेलं नसतं. माझ्यापाशी राहिला असता. घोडी मागं पडंल, एवढंच ठावं होतं मला. अशी कोसळंल हे ठावं नव्हतं, साहेब. अल्लाची आण."

राधाकृष्णशेठ तोंड फिरवून रडू लागले. दत्तोपंतांनी अमीनांकडे बघितलं.

"कोणतं कलम लावू हिला?" गुलाम नबी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "शिपाई, जा. सटवाजीला सोडून दे."

सटवाजी चौकीतून बाहेर आला तेव्हा दत्तोपंत दाराशीच होते. त्यांनी सगळं सांगितलं. दोघं बिऱ्हाडाकडे चालू लागले.

"साहेब, चौकीत एक बोललो न्हाई," वाटेत सटवाजी म्हणाला. "तंग येईना, हे मी शर्यतीआधीच इस्माईलला सांगितलं होतं. त्यानं मैनेच्या पोटाखाली हात फिरवला. ओल्या बादलीकडं बघितलं. मग लांब उभ्या आईकडं. आणि हसला. म्हणला, 'चाचा, कोणाला बोलू नको. अम्मीची बेइज्जती व्हईल. आज हरतो.' आन् चढला."

दत्तोपंत रस्त्यातच थांबले.

बिऱ्हाडाशी आल्यावर सटवाजी उंबऱ्यावर टेकला. अमीरबीनं त्याचा हात घट्ट धरला.

"सटवाजी, माफ कर मला. एक सांग. माझ्या पोराला कळलं तर नव्हतं ना?"

सटवाजीनं तिच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"न्हाई, भाभी. त्याला काय कळणार? जिंकायचंच म्हणून बसला होता घोडीवर."