सोबत एक व्यक्ती आवश्यक

स्कूटर घरी आली आणि मला पहिल्यांदा कळलं, की आमच्या दारापासून लिफ्टपर्यंतची फरशी किंचित उतरती आहे. इतकी वर्षं मी त्याच फरशीवरून जात होते, पण व्हीलचेअरमध्ये बसून. मागून आई ढकलायची. चढ-उतार तिच्या मनगटांना कळायचे, मला नाही.

स्कूटर म्हणजे रस्त्यावर पळणारी नव्हे. पायांत ताकद नसलेल्यांसाठी असते ती. चार चाकं, त्यांवर खुर्ची, समोर दांडा, दांड्याला टोपली आणि उजव्या अंगठ्याखाली एक खटकी. खटकी दाबली की चालते, सोडली की ब्रेक आपोआप लागतो आणि जागच्या जागी थांबते. वेगाच्या बटणाच्या एका टोकाला कासवाचं चित्र आहे, दुसऱ्या टोकाला सशाचं. रंग राखाडी आणि वजन अवाढव्य, म्हणून बाबांनी तिचं नाव गेंडा ठेवलं. त्यांनीच पार्किंगमध्ये रिकाम्या बादल्या मांडून मला वळणं शिकवली आणि दांड्याला सायकलचा छोटा गोल आरसा बसवून दिला. पहिल्याच आठवड्यात मी दोन बादल्या आणि शेजारच्या काकांचा अंगठा चेपला. बादल्या बाबांनी ठोकून सरळ केल्या. काका अजून बोलत नाहीत.

तेव्हा घरात खरा विषय वेगळाच होता. दुसऱ्या शहरातल्या एका चांगल्या शाळेत मला प्रवेश मिळाला होता. हॉस्टेलवर तळमजल्याची खोली, दाराला उंबरा नाही, बाथरूममध्ये धरायला दांडे. सगळं होतं, आईचा होकार तेवढा नव्हता. ती नाही म्हणायची नाही. "बघू" म्हणायची. आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय, ते दूधवालासुद्धा सांगेल.

शेवटी मीच पैज लावली. शहराबाहेर मोठं पार्क आहे, पाळणे, बोटी, बोगद्यातल्या गाड्या असलेलं. लहानपणी मी तिथे एकदाच गेले होते आणि दिवसभर लोकांच्या कमरा बघून परत आले होते.

"एक दिवस," मी म्हटलं. "तू गेटजवळच्या बाकावर बसायचं. मी एकटी फिरणार. मागे यायचं नाही, फोन करायचा नाही. मीही करणार नाही. संध्याकाळी धड परत आले, तर सोमवारी शाळेला होकार कळवायचा."

"आणि धड नाही आलीस तर?"

"तर तुकडे गोळा करून घरी ने आणि जन्मभर बघू म्हण."

"तोंड बघा," आई म्हणाली. पण कबूल झाली.

शाळा चालू असलेला दिवस आम्ही मुद्दाम निवडला. ढगाळ हवा होती आणि गर्दी बेताची. आई बाकावर बसली. ढकलायला काही नाही म्हटल्यावर हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग पर्सवर, मग बाकाच्या कडेवर. मी वळणावर जाईपर्यंत आरशात ती दिसत होती.

मग मी बटण सशावर नेलं.

खोटं कशाला बोलू, मी मोठ्यांदा ओरडले. कुणी बघितलं तर बघू दे. वाटेवर अंथरलेल्या रबराच्या चटयांवरून गेंडा असा सुटला, की टोपलीतली पाण्याची बाटली नाचायला लागली. हवेत साखरेच्या पाकाचा आणि गरम वंगणाचा वास होता. वरून रुळांवरची गाडी खडखडत जायची आणि तिच्यासोबत माणसांच्या किंकाळ्या जायच्या. कुठे वळायचं ते मी ठरवत होते. दोनदा मी उगीचच वळले, केवळ वळता येतं म्हणून.

पुढे तळ्यावर एक कमानीचा पूल आला. चढ बराच होता. निम्म्यावर मोटार घुरघुरायला लागली, वेग मरत गेला. आता अडकणार, आणि कुणाला तरी हाक मारावी लागणार, असं वाटलं. तेवढ्यात गाडी हलकी झाली. सरळ वर चढली. धक्का बसला नाही. आई ढकलताना आधी खुर्चीच्या पाठीत एक दाब यायचा आणि मग चाकं हलायची, अगदी तसं झालं.

"आई, चीटिंग!" मी ओरडले आणि आरशात बघितलं.

पूल रिकामा होता.

मोटारीला चढावर जास्त जोर येत असेल, असं मी ठरवलं. बाबांना विचारू म्हटलं.

आइस्क्रीमच्या गाडीवरचे काका गोल चेहऱ्याचे, हसरे होते. मी समोर जाऊन थांबले. त्यांनी माझ्या डोक्यावरून बघत विचारलं, "तिला कुठलं देऊ?"

हे मला नवीन नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाशी लोक बोलतच नाहीत, ढकलणाऱ्याशी बोलतात. डॉक्टरसुद्धा विचारतात, हिला कुठे दुखतंय? त्यावर आईचं उत्तर कायम एकच असतं. तिलाच विचारा, तिला तोंड आहे, आणि चांगलं मोठं आहे. एका दुकानदाराला तर तिने असं झापलं होतं, की त्याने मला उगाचच एक पेन दिलं.

"तिला चॉकलेट द्या," मी म्हटलं. "आणि तिला बोलता येतं."

काका ओशाळले. "चुकलं हं बाळ," म्हणाले आणि लगेच पुन्हा वर बघून कसनुसं हसले, एका मोठ्या माणसाने दुसऱ्याकडे बघून हसावं तसं. कपात त्यांनी दोन चमचे खोचले होते.

सवयीचे गुलाम, असं मी मनात म्हटलं. एक चमचा टोपलीत टाकला.

पुढे कारंज्यापाशी मी खात बसले होते. एक चिमुरडी, दात पडलेली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आधी तिने गेंड्याला हात लावून बघितला. मग माझ्या मागे बघितलं, बराच वेळ.

"त्यांना पण बसू दे ना जरा," ती मला म्हणाली.

"कुणाला गं?"

"त्यांना. केव्हाच्या उभ्या आहेत."

तिची आई धावत आली, तिचा दंड धरून तिला ओढत म्हणाली, "सॉरी हं, हिला काही कळतच नाही." ती हे माझ्या डोक्यावरून बोलली.

मला मान पूर्ण मागे वळवता येत नाही. म्हणून मी स्कूटरच फिरवली, जागच्या जागी. कारंजं, कचऱ्याचा डबा, एक लांब रिकामी वाट. परत फिरवली. तेच. आइस्क्रीम कपात वितळून गेलं होतं आणि ते मला आता नको होतं.

मी विचार केला. इथे कुणीच नाही, आणि लोकांना दिसतंय ते सवयीने दिसतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण समजूत घातली आणि पटली यात फरक असतो. म्हणून मी एक वेडेपणा केला. डाव्या अंगठ्याखालची, मागे जायची खटकी दाबली आणि गेंडा सगळ्या ताकदीनिशी मागे नेला.

कशालाही लागलं नाही. कुठेही अडला नाही. मला इतकं बरं वाटलं, की हसूच आलं.

"अगं ए मुली!" बाजूने जाणाऱ्या एक आजी कळवळून ओरडल्या. "बघून! त्यांच्या पायावर घातलीस की गाडी!" आणि मग वर बघून म्हणाल्या, "लागलं का हो फार?"

उत्तर ऐकावं तशा त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांचा चेहरा निवळला. "किती समजूतदार," असं काहीतरी पुटपुटत त्या निघून गेल्या.

आईकडे परत जायला वाट सरळ होती. पण दुपारसुद्धा झाली नव्हती. इतक्या लवकर, असा पांढरा चेहरा घेऊन परत गेले, तर आई कारण विचारणार. काय सांगणार होते मी? सोमवारी शाळेला नकार गेला असता, आणि तोसुद्धा प्रेमाने.

मला आकाशपाळणा आठवला.

पार्कच्या टोकाला तो उभा होता, बंद डब्यांचा. त्याच्या दाराशी पाटी आहे हे मला आधीच माहीत होतं. स्कूटर अथवा व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी, सोबत एक व्यक्ती आवश्यक. एकटीला घेत नाहीत. या पाटीवरून भांडायचं असं मी घरून ठरवून आले होते, भाषणसुद्धा तयार होतं. आता तेच भाषण गिळून मी पाळण्याकडे निघाले, कारण मला नकार हवा होता. एका माणसाने माझ्याकडे नीट बघून म्हणावं, तू एकटी आहेस, तुला जाता येणार नाही. एवढंच हवं होतं.

पाळणेवाला उंच, गंभीर, कानात कापूस घातलेला. त्याने माझ्याकडे बघितलं. अगदी माझ्याकडेच. माझा जीव भांड्यात पडला.

"दादा, मी एकटी आहे," मी म्हटलं. "चालणार नाही ना?"

त्याने नजर वर उचलली. मग पाटीकडे बघितलं आणि मान डोलावली.

"सोबत आहेत ना," तो म्हणाला. "मग काय हरकत? या."

मी 'नको' म्हणू शकले असते. अजूनही मी त्या क्षणापाशी जाऊन थांबते. पण स्कूटर खाली राहणार होती. डबा काचेचा होता, छोटा, समोरासमोर दोन बाकं. तिथे माझ्या मागे उभं राहायला जागाच नव्हती. जे काही असेल ते समोर येईल, म्हणजे मला बघता येईल, असं मला वाटलं. मी किल्ली काढली, बाटली घेतली, त्याच्या हाताचा आधार घेऊन उभी राहिले आणि आत बसले.

त्याने माझ्यापुढचा, धरून बसायचा आडवा दांडा खाली केला. दार मात्र लावलं नाही. तसंच धरून ठेवलं, वयस्कर माणूस चढताना धरतात तसं. "सावकाश," तो म्हणाला.

डबा झुकला.

मग त्याने समोरच्या बाकाचाही दांडा खाली केला आणि दार लावलं.

आम्ही वर निघालो. मी 'आम्ही' लिहिलंय, आणि ते खोडत नाहीये.

समोरचं बाक निळं होतं, प्लास्टिकचं. त्यावर एक ओरखडा. त्यामागे काच, काचेमागे ढग. दुसरं काही नव्हतं. मी डोळे फाडून बघत होते.

पण डबा समोरच्या बाजूला कललेला होता. मी या बाजूला बसले असताना.

सगळ्यात वर पाळणा थांबला. वारा काचेला घासत होता. खूप खाली, गेटजवळ, बाकावर ठिपक्याएवढी आई दिसत होती. फोन माझ्या हातात होता. फोन केला असता तर पैज हरले असते.

मी केला नाही.

"कोण आहे?" मी विचारलं. माझाच आवाज मला बारीक वाटला.

बाटली माझ्या मांडीवरून घसरली. डब्याच्या तळावर पडली, उतारावरून समोरच्या बाकाकडे गडगडत गेली.

आणि मध्येच थांबली. भिंतीपाशी नाही. त्याच्या बरीच आधी, जिथे बसणाऱ्याचे पाय असतात तिथे.

थोडा वेळ तशीच राहिली.

मग चढावरून हळूहळू गडगडत माझ्या पायाशी परत आली.

खाली आल्यावर मी कुणाकडेही बघितलं नाही. स्कूटरवर बसले, बटण सशावर नेलं आणि गेटकडे निघाले. पुलाच्या चढावर मोटार अजिबात घुरघुरली नाही. आईला काहीही सांगायचं नाही, हे मी पक्कं केलं होतं. हसायचं, भूक लागली म्हणून लवकर आले म्हणायचं, घरी जायचं. पार्कमधलं पार्कमध्ये राहील. हॉस्टेल इथून लांब आहे.

आईने मला लांबूनच बघितलं. उठून उभी राहिली, दोन्ही हात हलवले.

"आले मी," मी म्हटलं. "धड. अवयव मोजून घे."

आई हसली. मग तिची नजर सावकाश वर गेली, माझ्या कपाळावरून, केसांवरून, आणखी थोडी वर, आणि तिथे थांबली.

"उपकार झाले हं तुमचे," ती म्हणाली. "तिने फार त्रास नाही ना दिला?"

"आई."

"बोलते फार. पण मनाने चांगली आहे."

"आई, इकडे बघ. माझ्याशी बोल."

"थांब गं राणी," ती वर बघतच म्हणाली, प्रेमाने, आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. "मोठी माणसं बोलतायत ना."

मी गप्प बसले. माझ्या आठवणीत मी पहिल्यांदाच.

"शाळेला मी सोमवारी हो कळवते," आई सांगत होती. तिचा चेहरा इतका मोकळा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "ती एकटी कशी राहील, हाच प्रश्न होता. तुम्ही असाल तर माझं काहीच म्हणणं नाही."

मी पैज जिंकले होते.

नंतर आई ऐकत राहिली. मधूनमधून मान हलवत, लक्षपूर्वक, महत्त्वाच्या सूचना ऐकतात तशी. माझ्या मागे वाऱ्याने पानं सरकत होती, तेवढाच आवाज होता. मग तिला काहीतरी विचारलं गेलं असावं. ती थोडी हसली.

"रात्री ना?" ती म्हणाली. "नाही हो, त्याची काळजीच नको. एकदा झोपली की तिला काहीसुद्धा कळत नाही."