पान उलटायला कुणीतरी

चष्मेवाले त्या दुपारी संगीतशाळेत गेले ते फक्त एक चष्मा पोचवायला.

दुकान आता लेकीच्या हातात होतं. पण निवृत्त झाले तरी ते रोज तिथे येऊन बसायचे आणि कुणी न विचारता गिऱ्हाइकांना सांगायचे, "ही फ्रेम तुमच्या नाकाला शोभत नाही." शेवटी लेकीने त्यांच्या हातात एक डबी ठेवली. म्हणाली, "बाबा, संगीतशाळेत पियानो वाजवणाऱ्या बाई आहेत, त्यांचा आहे हा. देऊन या. आणि सावकाश या, काही घाई नाही."

बाहेर भुरभुर पाऊस होता. शाळेच्या लांबच लांब बोळात ओल्या छत्र्यांचा आणि लाकडाच्या पॉलिशचा वास भरून राहिला होता. अगदी शेवटच्या दाराआडून पियानो ऐकू येत होता... आणि चष्मेवाल्यांची पावलं आपोआप हळू झाली. ही सुरावट त्यांच्या ओळखीची होती. दुकानातला रेडिओ त्यांनी उभ्या आयुष्यात कधी बंद केला नव्हता. भिंगं घासता घासता अशा कितीतरी सुरावटी त्यांच्या कानात येऊन राहिल्या होत्या. नावं ठाऊक नव्हती, पण चेहरे ओळखीचे होते म्हणा ना.

दार लोटलं तर आत साधारण त्यांच्याच वयाच्या एक बाई. रुपेरी केसांचा सैलसर अंबाडा, पाठ ताठ, आणि बोटं अशी, की जणू घाई हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नाही.

"चष्मा आणलाय," ते दाराशीच घुटमळत म्हणाले.

"देव पावला." बाईंनी हात पुढे केला, चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि त्यातून सगळ्यात आधी पाहिलं ते चष्मेवाल्यांकडे. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग विचारलं, "तुम्हाला पान उलटता येतं?"

"पान?"

"आत्ता गाणाऱ्या मुलीची तालीम आहे. पान उलटणारी आज आजारी. इथे माझ्या डाव्या हाताला बसायचं, मी मान हलवली की पान उलटायचं. बस, एवढंच."

"येतं की," चष्मेवाले म्हणाले. आयुष्यभर वर्तमानपत्र वाचलेला माणूस दुसरं काय म्हणणार? नोटेशन वाचता येतं का, असं बाईंनी विचारलं नव्हतं. त्यांनीही तो विषय काढला नाही.

तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली, हाताने लिहिलेली वही चष्मेवाल्यांनी उघडून पियानोवर ठेवली. बाईंनी ती उचलून पुन्हा नीट ठेवली आणि वाजवायला लागल्या. पानभर काळ्या मुंग्या कुठल्याशा कामाला निघाल्या होत्या. चष्मेवाल्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून त्यांनी मुंग्यांचा नाद सोडला आणि बाईंच्या मानेकडे बघायला सुरुवात केली.

तिथेच सगळा घोटाळा झाला.

कारण मान बघायची म्हटलं की कानामागची सुटलेली बट दिसते. कानातला बारीकसा मोती दिसतो. कठीण जागा आली की खालचा ओठ दाताखाली जातो, तेही दिसतं. तालीम संपली तेव्हा पाऊस थांबला होता आणि चष्मेवाल्यांना घरी जावंसं मुळीच वाटत नव्हतं.

शाळेत हौसेने काम करणारे निवृत्त लोक बरेच होते. कुणी खुर्च्या मांडायचं, कुणी दाराशी उभं राहायचं. चष्मेवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी आपलं नाव दिलं. पोरांना ते फार आवडले. मधल्या सुट्टीत त्यांना भोवती बसवून ते जुना रेडिओ लावायचे आणि सांगायचे, "आता ऐका हं, इथे व्हायोलिन रुसलंय. आणि तो पियानो बघा, समजूत काढतोय... नाही ऐकत ते. बघा, पुन्हा आला." पोरं कान टवकारायची. दाराआड उभ्या राहून बाईही ऐकायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

"इतकी वर्षं शिकवतेय मी," एकदा त्या म्हणाल्या, "पण व्हायोलिन रुसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही कधी रुसला नसाल."

"रुसायला समजूत काढणारं कुणी लागतं, अहो."

हे बोलून त्या वही चाळायला लागल्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. चष्मेवाल्यांची बायको तर लेक शाळेत असतानाच गेली होती. ते 'अहो' चष्मेवाल्यांनी घरी जाईपर्यंत मनात घोळवलं, आणि घरी गेल्यावरही.

"बाबा, आज पुन्हा इस्त्रीचा शर्ट?" लेक विचारायची. "पानं उलटायला इस्त्री लागते?"

"स्टेजवर बसावं लागतं."

"तालमीला कुठलं आलंय स्टेज?" लेक म्हणायची आणि गालातल्या गालात हसत भिंगं पुसायला लागायची.

हसत नव्हते ते चष्मेवाले. कारण रोज स्टुलावर बसताना त्यांना एकच धास्ती असायची. एक ना एक दिवस बाई विचारणार, "ही ओळ कुठली, सांगा बरं." मग आपलं पितळ उघडं पडणार. मग हे स्टूल गेलं, तो मोती गेला, ती बट गेली. या वयात माणसाला नवीन असं किती मिळतं? जे मिळालं होतं ते एका न विचारलेल्या प्रश्नावर टिकून होतं.

आणि वार्षिक कार्यक्रम तोंडावर आलेला असताना बाई एका सकाळी गळ्यात जाडजूड पांढरा पट्टा बांधून आल्या.

"मान लचकली," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी हलवायची नाही म्हणून बजावलंय. तेव्हा आता इशारा नाही. तुम्ही आपलं वाचून उलटा."

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, जमेल ना हो?" शाळेचे संचालक काळजीने म्हणाले. "नाहीतर आपण स्क्रीन आणू. पायाने पट्टी दाबली की पान आपोआप बदलतं. माणूसच नको."

चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. आता सांगून टाकावं, असं ओठांवर आलं होतं...

"स्क्रीनच्या उजेडाने माझं डोकं दुखतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "चष्मेवाल्यांनीच सांगितलंय, माझ्या डोळ्यांना तो उजेड चालायचा नाही. हो ना, अहो?"

असं काही त्यांनी जन्मात सांगितलं नव्हतं. "मुळीच चालायचा नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

मानेचा इशारा गेला तेव्हा चष्मेवाल्यांनी बाईंच्या बाकीच्या हालचालींकडे लक्ष दिलं. पान संपत आलं की डावी भुवई किंचित वर जाते, हे त्यांना तालमीत उमगलं. त्याआधी एक खोल श्वास येतो. कानातला मोती त्या श्वासासोबत हलतो. शिवाय पानंही त्यांच्या ओळखीची झाली होती. एकाचा कोपरा दुमडलेला, एकावर शाईचा ठिपका, आणि शेवटून दुसऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. तालमीत एकदाही चूक झाली नाही. बाई फक्त एकदा म्हणाल्या, "छान उलटता तुम्ही." चष्मेवाल्यांना आनंद झाला आणि लाजही वाटली. दोन्ही सारखंच.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. लेक पहिल्या रांगेत बसली होती. गाणारी मुलगी थांबली आणि बाईंचा एकटीचा तुकडा सुरू झाला, तोच, जो चष्मेवाल्यांनी पहिल्या दिवशी दाराआडून ऐकला होता. दिवे मंद झाले. सूर असे संथ पडत होते, की चष्मेवाल्यांना वाटलं आपण दुकानात आहोत, तरुण आहोत, हातात भिंग आहे, आणि हे सगळं व्हायचं आहे अजून. त्या तंद्रीत भुवई वर गेली. त्यांनी पान उलटलं. बोटाला पान जरा जाड लागलं... आणि समोर चहाचा डाग आला.

दोन पानं एकदम उलटली होती.

आता बाई अडखळणार. शेकडो लोकांसमोर, आपल्यामुळे. पान परतवायला त्यांनी हात पुढे केला आणि बाईंकडे पाहिलं. बाई अडखळल्या नव्हत्या. बोटं त्याच संथपणे पुढे चालली होती. बाईंचे डोळे मिटलेले होते, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. चष्मेवाल्यांनी हात खाली घेतला आणि मग शेवटपर्यंत वहीकडे पाहिलंच नाही.

टाळ्या झाल्या, लोक पांगले. सभागृहात खुर्च्या उरल्या आणि हे दोघं. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती.

"मला नोटेशन वाचता येत नाही," चष्मेवाले वहीच्या कव्हराकडे बघत म्हणाले. "पहिल्या दिवसापासून येत नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. वही उलटी ठेवली होती तुम्ही."

चष्मेवाल्यांचे कान लाल झाले. "मग हाकललं का नाही?"

"मला सगळं पाठ आहे. लग्नाआधीपासून वाजवतेय हे मी. पान लागतंय कुणाला? ती पान उलटणारी आजारी वगैरे काही नव्हती, मुळात नव्हतीच कुणी."

"मग ती मान कशाला हलवायचात?"

"तुम्हाला कळायला नको?" बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, सारखी एकाच बाजूला मान झटकून लचकलीय. आता त्यांना काय सांगू, कुणासाठी झटकत होते ते?"

चष्मेवाले हसले, पण ते हसू अर्ध्यातच अडलं. "पान उलटायला कुणी नकोच असेल," ते हळूच म्हणाले, "तर मी येऊ कशाला?"

 पट्ट्यामुळे बाईंना बाजूला बघता येत नव्हतं. पट्टा बांधल्यापासून डाव्या हाताला बसलेला हा माणूस त्यांना नीट दिसलाच नव्हता. त्या पायांसकट, गुडघ्यांसकट, अख्ख्या वळल्या आणि त्यांच्या समोरासमोर बसल्या.

"बसायला," त्या म्हणाल्या. "माझ्या बाजूला बसायला या. त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत वाजवायचा कंटाळा आलाय मला. आणि तुम्ही बघता ना माझ्याकडे... ते कळतं मला. डोळे मिटले तरी कळतं. मला ते हवंय."

चष्मेवाल्यांनी स्टूल थोडं पुढे ओढलं. "आणि इथली शाळा सुटल्यावर?" त्यांनी विचारलं. "घरी माझा रेडिओ एकटाच असतो. तिथेही बसाल... माझ्या बाजूला? आजच्यापुरतं नाही. रोज."

बाईंनी मान हलवली.

"आई गं," असं कळवळून त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी धरला. चष्मेवाले घाबरून उठले, "अहो, हलवू नका, डॉक्टरांनी सांगितलंय," म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं तरी बाई हसत होत्या, आणि दुखत असतानाच त्यांनी पुन्हा एकदा, सावकाश, मान हलवली.