दोन वजीर

"चोर आहेस तू!" शिंपी गरजला आणि क्लबातले सगळे डाव जागच्या जागी थांबले.

समोर औषधवाला, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक. स्पर्धेचा शेवटचा डाव होता. शिंप्याचं पांढरं प्यादं शेवटच्या घरात पोचलं, त्याचा वजीर करायचा, तर पटाशेजारी वजीरच नाही! घड्याळ तर पळतंय. शिंप्याने घाईघाईत मेलेला हत्ती उलटा ठेवला. एरवी क्लबात तो वजीर म्हणून सर्रास चालायचा.

"नियमाने हा हत्तीच," पंच म्हणाले आणि जिंकलेला डाव हातचा गेला.

आता औषधवाल्याला क्लबातून हाकलायची भाषा सुरू झाली. क्लबातच खेळणाऱ्या भावजींना राहवेना. त्यांनी थोरल्या वहिनींना बोलावलं. वहिनी खासगी गुप्तहेर आणि भावजी म्हणजे त्यांचं शेपूट.

"मी खुर्चीवरून हललोसुद्धा नाही. खिसे तपासा!" औषधवाला रडकुंडीला आला होता.

"मेलेले दोन्ही वजीर गायब आहेत," पंच म्हणाले. "पांढरा याच्यापाशी होता, काळा शिंप्याच्या कोपराशी."

"टेबलापाशी कोण आलं होतं?" वहिनींनी विचारलं.

"कुणी नाही. शिंप्याची बायको तेवढी. दोघांना पाणी आणि शिंप्याला गोळी द्यायला."

"या डावापायी छातीचं ऑपरेशन पुढे ढकललं मी!" शिंपी धापा टाकत म्हणाला. "जिंकून बाहेरगावी खेळायला जाणार होतो. पुन्हा ढकललं असतं!"

भावजी कुजबुजले, "वहिनी, सरळ आहे. फायदा औषधवाल्याचा."

"भावजी, तुम्हाला वजीर सापडला नसता तर?"

"घड्याळ थांबवून पंचांकडे मागितला असता. त्यात काय!"

"मग खेळणारा माणूस वजीर चोरेल कशाला? शिंपीदादा हरले ते स्वतःच्या घाईने. आणि औषधवाल्याने काळा का उचलावा? पांढऱ्याला पांढराच वजीर लागतो, हेही ज्याला ठाऊक नाही, त्यानेच दोन्ही नेले. टेबलापाशी आलेलं न खेळणारं माणूस एकच आहे."

शिंपिणीने मूठ उघडली. दोन्ही वजीर टेबलावर आले.

"झोपेतसुद्धा बडबडतात, वजीर झाला की जिंकलो," ती म्हणाली. "म्हटलं, वजीरच नसला तर हरतील आणि ऑपरेशनला तरी जातील."

शिंप्याने मित्राचा हात धरला. "माफ कर रे." मग बायकोकडे वळला. "अगं, मला एकदा विचारायचंस तरी!"

"विचारलं होतं हो. ऑपरेशन टाळून मला एकटीला मागे टाकून जाणार का, असं. तुम्ही पटावरून मान वर न करता 'हं' म्हणालात."