आक्षेपासाठी सोडलेली जागा

ट्यूनिसमध्ये तत्त्वज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या मुलीला नोकरी मिळत नाही, स्थळं येत नाहीत. सल्ले मात्र घरपोच येतात. सहा वर्षांत सिहामकडे इतके जमले होते की त्यांचाच एक प्रबंध झाला असता. तिचा खरा प्रबंध होता अनुपस्थितीवर.

तिचे मार्गदर्शक सी तिजानी ('सी' म्हणजे तिकडचं 'राव') जुन्या वळणाचे. प्रकरणाच्या शेवटी 'तू म्हणशील' असं लिहून विरोधकाला बोलू द्यायचं आणि मग त्याला उत्तर द्यायचं, ही जुन्या पंडितांची रीत त्यांनी सोडली नव्हती. विरोधक काल्पनिक चालेल, लेचापेचा चालणार नाही.

सिहामचा विरोधक काल्पनिक नव्हता. तिच्या वर्गातला वजदी. पहिल्या चार प्रकरणांतले आक्षेप त्याचेच. विद्यापीठासमोरच्या कॅफेत एकेका कॉफीवर तीन-तीन तास भांडून मिळवलेले. "आज ऊन आहे," एवढं ती म्हणाली तरी हा म्हणायचा, "सिद्ध कर, बाईसाहेब." तिचं एकही विधान त्यानं कधी सुखानं जाऊ दिलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी तो स्फाक्स बंदराजवळून चाळीस जणांच्या बोटीत बसला. "इटलीत निदान भांडी घासताना विचार करायला पगार मिळतो," म्हणाला. बोट पोचल्याचं कुणी कळवलं नाही. बुडाल्याचंही नाही. सिहाम अजून दर शुक्रवारी त्याचा नंबर लावायची.

"तुझा विरोधक हल्ली फार सभ्य झालाय," पाचवं प्रकरण परत करत सी तिजानी म्हणाले. "भाड्यानं आणलेल्या साक्षीदारासारखा. पोरी, त्याला जरा जेवूखाऊ घाल."

सिहामनं तो आक्षेप खोडला, 'तू म्हणशील'पुढे जागा कोरी ठेवली आणि नंतर हातानं भरू म्हणून फाइल झेरॉक्सच्या दुकानात छापायला दिली.

छापून आलेल्या पानावर त्या जागी चार ओळी होत्या. पहिली, "सिद्ध कर, बाईसाहेब." उरलेल्या तिन्ही ओळींनी तिचा युक्तिवाद मुळापासून उपटला होता.

"फौजियाखाला, हे कुणी टाइप केलं?"

"मी?" दुकानाची मालकीण हसली. "तीस वर्षं झाली, अजून मला नवऱ्याचं बोलणं कळत नाही. तुझं कुठून कळणार?"

दुकानातल्या संगणकावर फाइल उघडली. जागा कोरी. पुन्हा छापली. चार ओळी.

आपणच लिहून विसरलो असू, असं सिहामनं ठरवलं. शिकलेल्या माणसाला असं ठरवता येतं. तिनं उत्तर लिहिलं. सहाव्या प्रकरणात पुन्हा जागा सोडली. ती भरून आली. सातव्यातही. भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, शाईच्या वासात उभी राहून ती ते वाचायची आणि दीड वर्षात पहिल्यांदाच तिला कडकडून भूक लागायची.

सी तिजानी खूश झाले. "जिवंत झाला बघ तुझा विरोधक!"

ती हसली नाही.

"आता शेवटचं प्रकरण. गुरुवारपर्यंत दे. संपव."

संपवायचं म्हणजे एकच जागा उरली होती. त्या जागेत तिला तत्त्वज्ञान नको होतं. त्याला सरळ विचारावं, तर प्रश्नाला तो प्रश्नानंच उत्तर देणार. विधान मात्र तो सोडणार नाही.

बुधवारी दुपारी तिनं शेवटच्या पानावर एकच ओळ लिहिली.

वजदी जिवंत नाही.

खाली 'तू म्हणशील'. पुढे कोरी जागा.

खोड ना हे, वजदी. एवढं एकच खोड.

यंत्र घरघरलं. पान बाहेर आलं.

"घे गं, झालं तुझं," फौजिया म्हणाली. "रडतेस काय? पास होशील."

पानावर एक ओळ होती.

"मान्य. इथं आम्हा चाळिसांनाही मान्य आहे."