चौसष्ट जीबी आणि एक झाकण

कॉम्प्युटरच्या मेमरीच्या दोनाऐवजी चार पट्ट्या विकल्या तर दुकानात नोकरीला असलेल्या त्याच्या पदरात पडणार होतं ते एवढंच — थोडं कमिशन, भिंतीवरच्या विक्रीच्या यादीत पहिलं नाव, आणि मालकाच्या कटकटीला आठवडाभर सुट्टी. हिशेब चोख होता. फक्त त्यात ती धरलेली नव्हती.

ती त्याच्या दुकानात शिरली, ती शेजारी चष्मा दुरुस्त होईपर्यंत वेळ काढायला. दातांच्या दवाखान्यात मदतनीस. हातांना लवंगेच्या तेलाचा मंद वास.

“गेमिंगच्या कॉम्प्युटरला मेमरी किती लागते हो?”

“खेळणार कोण? तुम्ही?”

“बाबा. तीस वर्षं ट्रक चालवला, आता पाय साथ देत नाही. म्हणून ट्रकचाच गेम. स्टिअरिंगही घ्यायचंय, खरंखुरं, गोल.”

खरं उत्तर होतं सोळा जीबी, फार तर बत्तीस. तो म्हणाला, “चौसष्टच घ्या. सोळाच्या चार पट्ट्या. स्टिअरिंग काय, मागाहून येईल.”

ती नाक आक्रसून हसली. “तुम्ही म्हणता तर...”

त्या तीन शब्दांनी त्याचं जेवण कडू केलं. त्यात ती रोज संध्याकाळी दुकानावरून जाताना डोकावायची. “मेमरीला धूळ चालते का हो?” तो स्क्रूवरची नजर न काढता उत्तर द्यायचा. ती जितकी आवडत चालली, तितकी मान खाली जात चालली.

पंधराव्या दिवशी ती म्हणाली, “गेम अडखळतोय. अजून मेमरी टाकायची का?”

त्याचे कान तापले. “नको! म्हणजे... घरी येऊन बघतो.”

घरी दोष एका मिनिटात सापडला. पडद्याची वायर भलत्याच खाचेत खोचली होती. पण नीट झालेला गेम बघताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी हातात पातेल्याचं झाकण धरलं होतं. ते झाकण वळवत, आणि शेजारी बसलेली ती त्याच दिशेचं बटण दाबत होती.

“डावीकडे गं, वळण आलं!”

“चौसष्ट लागत नव्हतं,” तो एकदम बोलून गेला. “मी... थाप मारली. दोन पट्ट्या जास्तीच्या आहेत. तेवढ्यात स्टिअरिंग आलं असतं.”

तिचं बोट बटणावरून सुटलं. ट्रक शेतात शिरला.

“अगं, ब्रेक!” बाबा ओरडले.

“माहीत आहे मला,” ती त्याला म्हणाली. “मेमरी किती वापरली जाते ते कॉम्प्युटरच दाखवतो. अकराच्या वर आकडा गेला नाही कधी.”

“मग रोज... का येत होतात?”

“तुम्ही कधी सांगताय ते बघायला. आमच्या दवाखान्यात चांगला दात कुणी उपटत नाही!”

कॉम्प्युटरच्या पेटीत शिरून आतून झाकण लावून घ्यावं, असं त्याला झालं.

“आणि आज न सांगता गेला असतात ना...” तिचा आवाज उतरला, “तर मलाच लाज वाटली असती. असला माणूस आवडला म्हणून.”

बाबा गुपचूप ट्रक शोधू लागले.

दोन पट्ट्या दुकानात परत गेल्या. वापरलेल्या म्हणून मालकानं किंमत पाडली, ती घट त्याच्या खिशातून. कमिशन गेलं, यादीतलं नाव तळाला गेलं, कटकट दुपटीनं सुरू झाली. स्टिअरिंग आलं, झाकण पातेल्यावर परतलं. भरलं ते सगळं त्यानंच. तिच्या बाजूनं खर्ची पडलं ते एवढंच, एक ‘तुम्ही’, दारात चपला घालणाऱ्या त्याला तिनं हळूच विचारलं तेव्हा —

“रविवारी येशील ना?”