पडद्यावरची दोन नावं

कॉम्प्युटरचा एकेक भाग विनीताबाईंनीच निवडला होता. शाळेच्या सक्तीमुळे त्यांनी एमएस-सीआयटी केलेलं, म्हणून घरात त्यातलं कळणाऱ्या त्या एकट्याच. महाडच्या साहिलने तो जोडून पोलादपूरला आणून दिला, तेव्हा बाई जाऊन सात महिने झाले होते.

शरदराव भूगोलाचे निवृत्त मास्तर. विंचवाला कधी घाबरले नाहीत, पण माउसला घाबरायचे. तरी विंडोज आपणच टाकणार, असा त्यांनी हट्ट धरला. सगळ्या पायऱ्या बायकोच्या वहीत होत्या. तिचं अक्षर वाचत बसायला तेवढंच निमित्त.

टळटळीत दुपार होती. सीडी घरघरत होती. एकोणचाळीस मिनिटं उरली, बत्तीस उरली, असं पडदा सांगत होता. आंबेनळी घाटाकडे जाणारी एसटी गिअर बदलत चढून गेली आणि मग घरात त्या घरघरीखेरीज आवाज उरला नाही.

शेवटी प्रश्न आला : हा कॉम्प्युटर कोण कोण वापरणार?

या घरात नवं भांडं नाव घातल्याशिवाय फळीवर चढत नसे, आणि नाव कायम तिचंच. शरदरावांच्या बोटांनी सवयीनं 'विनीता' टाइप केलं. मग खाली 'शरद'. कितीतरी दिवसांनी तिचं नाव लिहिताना त्यांना फार बरं वाटलं.

पडद्यावर दोन नावं उमटली. विनीताच्या नावाखाली बारीक ओळ होती : एक प्रोग्राम चालू आहे.

त्यांनी तर अजून कशालाच हात लावला नव्हता. घाबरून ते मशीन बंद करायला गेले, तर चौकट आली. दुसरं माणूस आत आहे, बंद केलंत तर त्याचं काम वाया जाईल. हो म्हणायला त्यांचं मन धजेना. त्यांनी 'नाही' दाबलं आणि साहिलला फोन लावला.

"सर, नवं मशीन हाय. दुसरं कोण असणार आत?" साहिल म्हणाला. "घरात एकटेच ना तुम्ही?"

"एकटाच."

"मग काकूंच्या नावावर क्लिक करा. आत जाऊन बंद करा नि ते नाव काढूनच टाका. कशाला ठेवताय?"

शरदरावांनी क्लिक केलं. "पासवर्ड मागतोय रे..."

"तुम्ही ठेवला होता?"

"नाही."

"मग मागणार नाय तो." साहिल म्हणाला. "बाजूला प्रश्नचिन्ह हाय बघा. ज्यानं पासवर्ड ठेवलाय, त्यानं लिहिलेली खूण येते. दाबा ते."

त्यांनी दाबलं.

"काय आलं, सर?... सर?"

शरदरावांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. पिवळ्या चौकटीत, इंग्रजी अक्षरांत, मराठी वाक्य होतं :

आलात की सांगते.